खर्ज की दणका?

दिवाळीच्या खरेदीत यंदाही सीताबर्डीवरून कितीतरी घरांत एक काळा चौकोनी डबा येईल. त्याचे नाव सबवूफर. संगीतातल्या अगदी खालच्या स्वरांचा, खर्जाचा भार त्याने उचलायचा असतो. पण आमच्या नागपुरात त्याची परीक्षा कशी होते? डग्गा गोड वाजला का, असे कोणी विचारीत नाही. खिडकीची तावदाने थरथरली का, एवढेच पाहतात. ती थरथरली की यजमानांच्या चेहऱ्यावर असे तेज चढते, जणू पोरगा बोर्डात पहिला आला! मी विचारतो, तावदानेच हलवायची असतील तर त्यासाठी हजारो रुपये कशाला मोजायचे? रस्त्यावरून जाणारा मालट्रक ते काम फुकट करतो.

दोष डब्याचा नव्हे. त्याच्या पाठीवर ‘क्रॉसओव्हर’ नावाचा एक नॉब असतो, तो न समजता फिरवणाऱ्या हाताचा आहे. क्रॉसओव्हर म्हणजे स्वरांची वाटणी. अमुक हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला अमुक कंपनांच्या, खालचे स्वर डब्याने वाजवायचे आणि वरचे समोरच्या दोन स्पीकरांनी. ही रेषा काही भिंतीसारखी नसते. तिच्यापलीकडे आवाज उताराने कमी होत जातो. साधारणपणे ती ८० च्या आसपास ठेवतात, आणि त्याला कारण आहे. त्याच्या खालचा आवाज कोणत्या बाजूने येतो हे कानाला सहसा उमगत नाही. डबा सोफ्याआड असला तरी गायक आपला समोरच बसलेला राहतो.

आता हाच नॉब १५० वर न्या. दुकानात तो बहुधा तिकडेच नेलेला असतो, कारण दणक्याने गिऱ्हाईक लवकर वितळते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. म्हणजे त्याच्या षड्जाचा पायाच डब्याकडे गेला! बुवा व्यासपीठावर आणि त्यांचे पोट कोपऱ्यात! ज्या गावात वसंतराव देशपांडे शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाणे शिकले, ज्या गावाने सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचे नाव दिले, त्या गावात गाण्याची ही अशी फाळणी रोज संध्याकाळी चहा पीत पीत चालते.

त्याच पट्टीतल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचे मूळ कंपन ६९ च्या घरात येते, तिचा झंकार मात्र त्याच्या कितीतरी वर पसरलेला असतो. तार एकच, पण वाजवणारे दोन. त्यांचा सांधा कळला नाही तरच तो तानपुरा. काही शुद्धतावादी म्हणतात, डबाच नको, दोन स्पीकर पुरेत. त्यांचे छोटे स्पीकर ६९ पर्यंत उतरतच नाहीत, हे त्यांना कोणी तरी सांगावे.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन काही काळ याच नागपुरात सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत होते. पुढे १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात, पण आपल्या तबल्या-मृदंगाच्या पुडीवर शाईचा भार असल्यामुळे ते सुरात येतात. पूर्वजांनी गोंगाटातून सूर काढला. आपण पैसे देऊन त्या सुराचा पुन्हा गोंगाट करतो!

“आमचे घर, आमचे पैसे,” असे उत्तर तयार असते. घर तुमचे, पण भिंत दोघांची ना? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. परंतु ते मोजमाप मानवी कानाच्या धर्तीवर केलेले असल्याने ५० हर्ट्झचा आवाज त्यात सुमारे ३० डेसिबेलने कमी धरला जातो. यंत्र म्हणते, सारे ठीक आहे; पलीकडच्या खोलीतली आजीबाई म्हणते, छाती धडधडते. मी आजीबाईंचे ऐकेन.

शिवाय आमच्या खोल्या! मी मॅट्रिकपुढे गेलो नाही, पण भागाकार मला येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. ४७ हर्ट्झची लाट ७.३ मीटरांची, तिची अर्धी लांबी बरोबर १२ फूट. १२ फुटी खोलीत नेमका तोच स्वर भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध पार मावळतो. डबा कोपऱ्यात कोंबलात तर घुमणे आणखी वाढते. यावर जुना उपाय आहे. डबा क्षणभर आपल्या बैठकीच्या जागी ठेवा, खर्जाचे गाणे लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे सगळे स्वर सारखे लागतील, तिथे डब्याची जागा. घरची मंडळी हसतील, हसू द्या.

८० हे वेदवाक्यही नव्हे. पुष्कळशा साध्या स्टिरिओत डब्याचा नॉब फक्त डब्याला आवरतो. समोरचे स्पीकर आपले खालचे स्वरही वाजवीतच राहतात. ते जिथे थकतात तिथून डब्याने धरावे. मोठे स्पीकर ५० पर्यंत उतरत असतील तर रेषा ५०-६० वर आणा. ॲम्प्लिफायर स्वतःच वाटणी करीत असेल तर डब्याचा क्रॉसओव्हर बंद करा, किंवा त्याचा नॉब अगदी वर न्या. एका गाण्याची दोनदा वाटणी नको. मग फेजचा खटका शून्य आणि १८० या दोन्ही बाजूंना करून पाहा. ज्या बाजूला बैठकीत खर्ज भरून येतो, ती बाजू खरी. डब्याचा आवाज शून्यापासून चढवीत न्या; डबा वेगळा ऐकू आला रे आला की थोडे मागे या. आता तो एकदम बंद करा. गाण्याखालची सतरंजी ओढल्यासारखे वाटले म्हणजे जमले.

पाहुणे विचारतील, “हा डबा बिघडला आहे का हो?” त्यांच्यापुढे चिवडा सरकवावा आणि तानपुरा ऐकत बसावे.