लसीकरणाचे आकडे वर जातात. खाली काय येते?

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ उद्भवली आणि पाहता पाहता भिवंडी, मालेगाव येथेही तिने पाय रोवले. गोवराची लस आपल्याकडे आहे, ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते, सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. असे असता बालके या रोगाने दगावली. त्यानंतरची चर्चा नेहमीच्या वळणाने गेली. पालकांचे अज्ञान, लसीविषयीचे गैरसमज, कोरोनाकाळात विस्कटलेली सेवा! ही कारणे खोटी नाहीत. परंतु ज्या अधिकाऱ्याकडे एखाद्या विभागाच्या लसीकरणाची धुरा असते, त्याला आपल्या हद्दीतील किती मुले दुसऱ्या मात्रेवाचून राहिली हे साथीपूर्वी कोणी सांगते काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

माहितीचा दुष्काळ आपल्याकडे नाही. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतून निघालेला मासिक अहवाल उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत राज्याकडे आणि तेथून दिल्लीस जातो. २००८ पासून तर या अहवालांसाठी संगणकीय व्यवस्थाही आहे. मात्र हा सारा प्रवास ऊर्ध्वगामी. उलट दिशेने येतात ती परिपत्रके आणि आढावा बैठकीतील ताशेरे. ‘तुमचे काम कमी आहे’ एवढे ऐकून वैद्यकीय अधिकारी परततो. कोठे कमी आहे आणि का, हे त्याला कळतेच असे नाही.

शिवाय ज्या टक्केवारीवरून त्याला बोल लावला जातो, ती तरी कितपत भरवशाची? अपेक्षित बालकांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजावर बेतलेली असते. त्यामुळे काही जिल्ह्यांचे लसीकरण कागदोपत्री शंभर टक्क्यांच्याही वर जाते. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ७६ टक्केच भरले. यापेक्षा गळतीचा आकडा अधिक बोलका असतो, कारण त्याला लोकसंख्येच्या अंदाजाची गरज नाही. पंचगुणी लसीची पहिली मात्रा घेतलेल्या शंभर मुलांपैकी तिसरीपर्यंत किती पोहोचली, एवढेच मोजावयाचे. पहिल्याच मात्रेला मुले येत नसतील, तर सेवा वस्तीपर्यंत पोहोचत नाही. येऊन मध्येच थांबत असतील, तर दोष बहुधा सेवेच्या वागणुकीत वा वेळापत्रकात असतो. दोन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगळे, आणि ते योजावयाचे असतात त्याच स्थानिक अधिकाऱ्याने.

वरिष्ठांचे सांगणे कधी कधी परस्परविरोधीही असते. गोवराच्या लसीच्या कुपीत अनेक मात्रा असतात आणि द्रावण केल्यावर ती चार तासांत संपवावी, नाही तर फेकून द्यावी लागते. लस वाया गेल्याबद्दल जेथे जाब विचारला जातो, तेथे सत्राला आलेल्या एकट्यादुकट्या बालकासाठी कुपी फोडण्यास सेविका कचरते. ‘पुढच्या वेळी या’ असे ऐकून परतलेली मजुरी बुडवून आलेली आई पुढच्या वेळी येतेच असे नाही. वाया गेलेली मात्रा अहवालात दिसते. परत गेलेले मूल दिसत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने याबाबत केलेला उद्योग अभ्यासण्याजोगा आहे. तेथील आरोग्य खाते सरकारी दवाखान्यांतील बालकांच्या नोंदी दरवर्षी तपासून प्रत्येक दवाखान्याचे प्रमाण काढी आणि ते त्याच दवाखान्यास कळवी. १९८८ मध्ये या दवाखान्यांतील पूर्ण लसीकरणाचे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते, ते १९९४ मध्ये ८९ टक्क्यांवर गेले. याचे सारे श्रेय या एका उपायास देणे धाडसाचे होईल. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराने पुन्हा डोके वर काढल्यामुळे तो सारा देशच जागा झाला होता. वैद्यकीय क्षेत्रातील अशा १४० प्रयोगांचा २०१२ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात अपेक्षित कामाच्या प्रमाणात सरासरीने चारेक टक्क्यांचीच भर आढळली. मात्र मुळात काम कमी असेल, माहिती वरिष्ठ अथवा सहकारी स्वतः देत असेल, एकाहून अधिक वेळा तोंडी व लेखी देत असेल आणि तिच्यासोबत पुढील कामाचा निश्चित आराखडा असेल, तर लाभ अधिक होतो, असेही त्यात दिसले.

यासाठी परदेशाकडेच पाहावयास हवे असेही नाही. पोलिओ मोहिमेत घरोघर फिरणारी पथके वंचित मुलांच्या घरांवर फुलीची खूण करीत आणि त्याच सायंकाळच्या बैठकीत त्या घरांचा हिशेब होई. कोणती गल्ली राहिली आणि उद्या तेथे कोण जाणार, हे ठरूनच माणसे उठत. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आढळलेला रुग्ण हा देशातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा ठरला, यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे. नित्याच्या लसीकरणाच्या वाट्याला ती शिस्त का आली नाही?

अर्थात आकडा हाती आला की त्याचा दंडुका करण्याचा मोह शासनास होतो. १९७६ मध्ये कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांनी काय केले, हे विसरण्याजोगे नाही. बदलीच्या भयाखाली काम करणारा अधिकारी मुले शोधणार नाही, नोंदवही सजवील. तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास दर तिमाहीस एक पानी टिपण मिळावे. त्यात केंद्राची गळती, शेजारच्या केंद्रांची गळती आणि लसीवाचून परत पाठविलेल्या मुलांची संख्या असावी. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने ते टिपण टपालाने न धाडता केंद्रात बसून वाचावे, आणि त्यावरून पहिल्या वर्षी कोणावरही कारवाई होणार नाही, असे शासनाने लेखी जाहीर करावे.