भातशेती करणाऱ्यांनो, लांबलेला ताप-खोकला अंगावर काढू नका

कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप धरतो, खोकला हटत नाही, वजन उतरतं. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसतो आणि टीबीचा अंदाज बांधला जातो. पुष्कळदा तो खराही ठरतो. पण बेडक्याच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडत नसतील, किंवा नेमाने गोळ्या घेऊनही ताप उतरत नसेल, तर मेलिऑयडोसिसची शंका घ्यायलाच हवी.

याचे जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतात. चिखलणी-लावणी करताना ते पायावरच्या जखमेतून शिरतात. वादळी पावसात तुषारांबरोबर श्वासातूनही आत जातात. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगूनमधल्या रुग्णांवरून हा आजार जगापुढे मांडला. मुंबईतल्या एका मुलाला तो झाल्याची नोंद १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. शेजारच्या किनारी कर्नाटकात आज त्याचे रुग्ण नियमित सापडतात, कारण तिथे तो शोधला जातो. आपल्याकडेही तसाच शोधला जावा, एवढीच कळकळ आहे.

मधुमेह, दारूचं व्यसन किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर धोका मोठा. पण साधारण पाचांतल्या एका रुग्णाला यातलं काहीच नसतं. ‘मी धडधाकट आहे, मला काय होतंय’ म्हणत घरी थांबू नका. जंतू रक्तात पसरले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

डॉक्टरांना आपण चिखलात काम करतो हे आवर्जून सांगा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं आणि बेडक्याचं कल्चर करता येईल का, ते विचारा. टीबीची औषधं चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनाही विनंती: कल्चरमध्ये स्यूडोमोनाससारखं काही वाढलं, तर बाहेरची भेसळ समजून ते टाकून देऊ नका. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हने मरणारा जंतू दिसला, की डॉक्टरांना लगेच फोन करा.

यावर औषध आहे. आधी किमान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग किमान ३ महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो.

आणि लावणीला गमबूट घाला. पायाला जखम असताना काम थांबवणं प्रत्येकाला परवडत नाही, हे आम्ही जाणतो. निदान ती पाणी शिरणार नाही अशी झाका आणि घरी आल्यावर साबणाने धुवा.