टीशर्ट काळाच कशाला हवा?



आधीच कबूल करून टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे ‘सेकंड लँग्वेज’, आणि ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! तेव्हा चुका पोटात घाला. हे सगळं मी इंग्रजी विभागात लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण मग माझ्या मंडणगडच्या मामाला ते वाचता आलं नसतं. आणि हा लेख मुळात त्याच्यामुळेच सुचलाय.

विषय अगदी साधा आहे. टीशर्ट!

दरवर्षी गॅदरिंगच्या आधी आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक विंगची टीशर्टची मीटिंग होते. डिझाईनवर दोन-दोन तास भांडणं होतात. कुणाला वाघ हवा, कुणाला कवटी, कुणाला पाठीवर स्वतःचं टोपणनाव. रंगावर मात्र दोन मिनिटंसुद्धा चर्चा होत नाही. “ब्लॅक ना?” “ऑफकोर्स ब्लॅक!” झालं. यंदा मी हात वर करून म्हटलं, “पांढरा घेऊया का?” तर सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी मेसच्या डाळीची तारीफच केली! त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते.

माझं आजोळ मंडणगड तालुक्यातलं. रत्नागिरी जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. पलीकडे सावित्री नदी, ती ओलांडली की रायगड जिल्हा. घरटी एकतरी माणूस मुंबईला, हे तिथलं गणित. माझे आईबाबाही त्यातलेच. मामा मात्र गावी राहिला. मंडणगडच्या बाजारात त्याचं झेरॉक्स आणि फोटोचं छोटंसं दुकान आहे. मोबाईल आले आणि फोटो काढून घेणारे संपले. मग त्याने मगवर फोटो छापून द्यायला सुरुवात केली. आता त्याला टीशर्ट छापायचे आहेत.

गिऱ्हाईक आहे का? आहे ना! शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या पोरांना टीशर्ट लागतात, गणपतीत वाडीवाडीच्या मंडळांना लागतात. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला दरवर्षी पर्यटक येतात, त्यांना आठवण म्हणून काहीतरी न्यायचं असतं. (वेळासचं हे संवर्धनाचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केलं. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?) आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आमच्याच तालुक्यात. तिथे १४ एप्रिलला पांढऱ्या कपड्यांतली किती माणसं येतात!

पण या सगळ्या ऑर्डरी दहा-वीस नगांच्या. एकच डिझाईन शेकड्याने छापायचं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडतं. पण प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते, त्यामुळे दहा नगांना ते परवडत नाही. इथे कामाला येतं ‘डायरेक्ट टू गारमेंट’, म्हणजे डीटीजी. आपल्या लॅबमधल्या इंकजेट प्रिंटरमध्ये कागदाऐवजी टीशर्ट घातलाय अशी कल्पना करा. कॉम्प्युटरवरून डिझाईन पाठवलं की पाण्यात कालवलेली रंगद्रव्याची शाई थेट सुती कापडावर. मग साधारण १६० अंश सेल्सिअसला हीटप्रेसखाली दाबून शाई पक्की करायची. एक नग छापा नाहीतर वीस, स्क्रीनची भानगडच नाही.

मामा मशीनची चौकशी करायला लागला तेव्हा एका विक्रेत्याने त्याला सांगितलं, “पांढरी शाई नसलेलं मशीन म्हणजे अर्धवट मशीन. घ्यायचं तर पूर्ण घ्या.” मामाने मला फोन केला. “काय गो बाय, तू इंजिनियर होतेस ना? मग सांग, पांढरी शाई घेऊ की नको?”

तिसऱ्या वर्षापर्यंत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. व्हायव्हातसुद्धा!

आता थोडं तांत्रिक सहन करा. प्रिंटरच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाया पारदर्शक धरल्या तरी चालतील, काळी सोडून. प्रकाश शाईतून आत जातो, खालच्या कापडावर आपटून परत येतो आणि तेव्हा आपल्याला रंग दिसतो. खाली पांढरं कापड असेल तर रंग खुलतात. खाली काळं कापड असेल तर परत यायला प्रकाशच उरत नाही. म्हणून काळ्या टीशर्टवर आधी एक द्रव फवारून वाळवायचा, मग पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, आणि त्यावर रंग. म्हणजे काळा टीशर्ट विकत घ्यायचा आणि चित्राच्या जागी तो पुन्हा पांढरा करायचा! हे मला कळलं तेव्हा मी खरंच हसले.

हे दोन मार्ग आपल्याला नवीन नाहीत. वारली चित्रात गेरूने सारवलेली भिंत गडद असते, म्हणून तांदळाच्या पिठाचा पांढरा लागतो. जलरंगात उलट, उजेड दाखवायचा तिथे कागद कोरा सोडायचा. पुण्याच्या मिलिंद मुळीकांची जलचित्रं बघताना आपण कधी म्हणतो का, की बिचाऱ्यांकडे पांढरा रंग कमी पडला? हलक्या रंगाच्या कापडावरचं डीटीजी हे जलरंगाच्या जातीचं काम आहे. पांढरा रंग कापडातच आहे, तो फक्त झाकायचा नाही.

पांढऱ्या शाईची खरी अडचण वेगळीच आहे. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याची घनता पाण्याच्या चौपट, रंगीत रंगद्रव्यांची साधारण दीडपट. शिवाय कापड झाकण्यासाठी त्याचे कण रंगीत कणांपेक्षा मोठे ठेवावे लागतात, साधारण दुप्पट तरी. आता फ्लुइड मेकॅनिक्समधला स्टोक्सचा नियम आठवा (पेपरला आला होता, मी ऑप्शनला टाकला होता!). कण खाली बसण्याचा वेग घनतेतल्या फरकाच्या आणि त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. घनतेतला फरक पाच-सहा पट, त्रिज्येचा वर्ग चौपट. म्हणजे पांढरी शाई वीस पट तरी वेगाने तळाशी बसते. आणि ज्या छिद्रांतून ती जायची ती केसापेक्षाही बारीक. म्हणून ती सतत ढवळत, फिरवत ठेवावी लागते, मशीन रोज चालवावं लागतं. नाहीतर हेड चोंदतं, आणि हेड हा मशीनमधला सर्वात महागड्या भागांपैकी एक. रंगीत शायाही पडून राहिल्या तर वाळतात, नाही असं नाही. पण त्या मानाने त्या गरीब गाय!

आता हे मशीन मंडणगडला नेऊन ठेवा. पाऊस सुरू झाला की तिथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. विजेचे खांब रस्त्यावर आडवे पडले होते. आजी मेणबत्तीवर दिवस काढत होती आणि आमचा फोन लागत नव्हता. अशा ठिकाणी सतत ढवळावी लागणारी शाई? वादळाचं सोडा, मामाचा धंदाच मुळी हंगामी. शिमगा, कासवं, मे महिना, गणपती. आषाढात दुकानात माशी फिरकत नाही. पुण्या-मुंबईच्या छपाईवाल्याला रोज काम असतं, त्याला पांढरी शाई परवडेल. मामाचं कर्ज मात्र त्या हेडमध्येच बुडायचं.

म्हणजे तेच मशीन मुंबईत ‘पूर्ण’ आणि मंडणगडात गळ्यात धोंड. आपण चार वर्षं स्पेसिफिकेशन पाठ करतो, पण मशीन कुठे बसणार आहे हा प्रश्न कितीदा विचारतो?

आणि फक्त रंगांवर चालणारं मशीन ही काही गावठी तडजोड नव्हे. ब्रदर कंपनीने २००५ च्या सुमारास आणलेल्या जीटी-५४१ मध्ये पांढरी शाई नव्हतीच. एप्सनने २०१३ साली एफ-२००० काढलं तेव्हाही पांढऱ्या शाईची आणि बिनपांढऱ्या शाईची अशा दोन आवृत्त्या होत्या. मोठमोठ्या कंपन्यांनी विचार करूनच केलं असणार ना?

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मामा मुंबईत एका छपाईवाल्याकडे नमुने काढायला गेलो. मी वेळासच्या कासवाचं डिझाईन केलं होतं. पहिला टीशर्ट निघाला आणि माझी मान खाली! कासवाभोवती फिकट करडा चौकोन उमटला होता. स्क्रीनवर मला जे पांढरं वाटलं ते पुरतं पांढरं नव्हतं. मशीनने इमानदारीने तेवढी शाई टाकली. बॅकग्राऊंड पूर्ण काढून टाकलं, चौकोन गेला. मग मी हौसेने तेच डिझाईन पिवळ्या टीशर्टवर काढायला लावलं, तर निळा समुद्र हिरवा झाला आणि फेसाच्या लाटा पिवळ्या. मामा म्हणाला, “शेवाळ धरलाय गो समुद्राला.” तिसरा नमुना पांढऱ्या जाड सुती कापडावर काढला. तो आजही माझ्या कपाटात आहे. बघायचा असेल तर रूमवर या.

तेव्हा मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. कापड सुती हवं, पॉलिएस्टरवर या शाया नीट धरत नाहीत. कापड पांढरं, क्रीम किंवा फिकट राखाडी हवं. डिझाईनमधला पांढरा म्हणजे टीशर्टचाच रंग, हे डिझाईन करणाऱ्याला आधीपासून लक्षात ठेवावं लागतं. आणि कुणाला काळाच हवा असेल तर? त्यालाही तोड आहे. मुंबईहून डीटीएफची छापलेली फिल्म मागवायची आणि आपल्या हीटप्रेसवर दाबायची. त्यातही पांढरी शाई असतेच, पण ती सांभाळायची डोकेदुखी मुंबईवाल्याची! फक्त हाताला जरा प्लास्टिकसारखं लागतं. डीटीजीची शाई पांढऱ्या कापडात मुरते, हात फिरवला तर कापडच लागतं.

आता तुमचे आक्षेप. मीटिंगमध्ये ओरडून झालेच आहेत.

पहिला, पांढरा मळतो. खरं आहे. मेसची आमटी त्याच्यावर सांडणारच. पण काळा मळत नाही असं कुणी सांगितलं? तो मळतो, फक्त दिसत नाही. आणि आठवडाभर न धुता घातला जातो. नावं घेत नाही!

दुसरा आक्षेप मुलींचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पातळ पांढरा टीशर्ट आरपार दिसतो, पावसात तर विचारूच नका. यावर उपाय कापडाचा. स्वस्तातलं १४० जीएसएमचं घेऊ नका, २०० च्या पुढचं घ्या, किंवा फिकट राखाडी घ्या. काळ्यासाठी पांढऱ्या शाईवर जो खर्च होतो तो चांगल्या कापडावर करा.

तिसरा, “तुझ्या मामाची जाहिरात चाललीये.” हा आक्षेप मी स्वतःच घेते. म्हणून आधीच सांगते, आपली ऑर्डर मामाला देऊ नका. अजून त्याचं मशीन आलेलंच नाही. कॉलेजच्या आसपास असाच कुणीतरी छोटा छपाईवाला असेल, त्याच्याकडे जा. पण जाताना पांढरा किंवा फिकट टीशर्ट मागा. कारण गिऱ्हाईकाने काळाच मागितला तर त्याला पांढऱ्या शाईचं मशीन घ्यावंच लागतं, नाहीतर काम शहरातल्या मोठ्या छपाईवाल्याकडे जातं. आपण दोन मिनिटांत “ऑफकोर्स ब्लॅक” म्हणतो तेव्हा एखाद्याचं दुकान कुठे चालू शकेल आणि कुठे नाही, हेही आपण नकळत ठरवत असतो.

मंडणगडची पोरं एसटी पकडून मुंबईला का जातात यावर आपण डिबेटमध्ये मोठमोठी भाषणं ठोकतो. मीही ठोकलंय, दुसरं बक्षीसही घेतलंय. मामा मात्र पस्तीस वर्षं तिथेच दुकान उघडून बसलाय. त्याला माझं भाषण नको होतं. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

मी त्याला म्हटलं, “मामा, पांढरी शाई घेऊ नको. पांढरे टीशर्ट घे.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि लोकांनी काळाच मागितला तर?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडे आहे. पुढच्या मीटिंगला मी पुन्हा हात वर करणार आहे. निदान या वेळी दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं तरी द्या!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स, मुलींचं वसतिगृह