पन्नी कुणाची, पावती कुणाची?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन प्रश्न हमखास असतात. चकली तेलात का विरघळते, आणि अनारसा का हसतो. यंदा त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. एका भगिनीने विचारले आहे, "प्लास्टिकबंदीच्या नावाखाली भाजीवाली पिशवी देत नाही आणि वर आपल्यालाच बोलते. अशा वेळी काय करावे?"

काय करावे? घरून पिशवी न्यावी! उत्तर खरे म्हणजे एवढेच. पण यंदा पोळ्याच्या सुमारास पंधरा दिवस मी सासरी, जानेफळला होते, आणि तिथे हाच वाद इतक्या तोंडांनी ऐकला, की एका ओळीत तो आटोपण्याचे मनात येईना.

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातले गाव. आपण शहरात जिला 'कॅरीबॅग' म्हणतो, तिला तिकडे म्हणतात पन्नी. शब्द कसा अगदी फुंकरीने उडेल असा! आणि उडतेही ती तशीच. बाजार उठला, पाले उतरली, माणसे आपापल्या घरी गेली, की मागे राहतात त्या बाभळीच्या काट्यांना अडकून फडफडणाऱ्या पन्न्या. काळ्या, निळ्या, गुलाबी. लांबून पाहिले तर झाडाला फुले आली आहेत असे वाटावे.

बरे, हा मुलूख कुठला? तर कापसाचा! वऱ्हाडच्या कापसाची ख्याती एवढी, की खामगावच्या बाजारातला माल नेण्यासाठी १८७० साली जलंबहून रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. आता सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली आहे, पण कपाशी काही हद्दपार झालेली नाही. त्या मातीतल्या माणसाने पावशेर वांगी न्यायला प्लास्टिक मागावे, म्हणजे समुद्रकाठच्याने मीठ उसने मागण्यातलाच प्रकार. आमच्या मामंजींचा मांजरपाटाचा एक झोळणा होता. त्याच्या बुडाला जुन्या धोतराची दोन ठिगळे होती. मामंजी गेले तरी झोळणा खुंटीवर आहे, आणि अजून दळण आणायला जातो.

घरात या विषयावर सगळ्यांत कडक बोलतात ते थोरले भाऊजी. त्याला कारणही तसेच आहे. काही वर्षांमागे त्यांची गाय चारा खाईना, रवंथ करीना. कूस सारखी फुगलेली. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी तिची डावी कूस उघडली, आणि आतून ओल्या लोकरीच्या गोळ्यासारखा पन्न्यांचा गठ्ठा काढला. घमेले भरले! आपण काय करतो, उरलेला भात, भाजीची देठे पन्नीत भरून वर गाठ मारतो आणि उकिरड्यावर फेकतो. गायीला वास लागतो भाताचा. गाठ तिला सोडता येत नाही. ती सगळे पुडकेच गिळते. ते तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात बसते, पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. गाय वाचली, पण त्या वर्षी दुधाला मात्र आटली. तेव्हापासून भाऊजींच्या समोर कुणी पन्नी घेऊन आले, की बोलणे खातेच.

पण चुलत दिरांचे किराणा दुकान आहे, त्यांचे म्हणणे निराळे. ते म्हणाले, "वहिनी, बिस्किटं प्लास्टिकात, शांपू प्लास्टिकात, कुरकुऱ्याची तर माळच प्लास्टिकाची. ती लटकवली तर मला कुणी काही म्हणत नाही. अर्धा किलो साखर पन्नीत बांधली की मी गुन्हेगार!" यावर भाऊजींना चटकन उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

कायदा म्हणाल तर तो आजचा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडाले, आणि तुंबलेल्या गटारांतून पिशव्यांचे ढीग निघाले. मग २००६ च्या नियमांनी राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना बंदी झाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता तुम्हीच सांगा, बाजारात पाटी मांडून बसलेल्या बाईने तो कशाने मोजावा? केंद्र सरकारचा आकडा तर चढतच गेला. १९९९ साली २०, २०११ साली ४०, २०१६ साली ५०, पुढे ७५, आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. आमच्या राज्याने मात्र २३ मार्च २०१८ रोजी मायक्रॉनची भानगडच ठेवली नाही. सामान नेण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या सरसकट बंद! तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या खेपेला पाच हजार, दुसऱ्या खेपेला दहा हजार, तिसऱ्या खेपेला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आठवडाही होत नाही तोच किराणा मालाच्या पुड्यांना सवलत जाहीर झाली. व्यापाऱ्यांच्या संघटना असतात, त्या गाऱ्हाणे मांडू शकतात. भाजीच्या पाटीची कसली आली आहे संघटना!

जानेफळच्या बाजारात एका म्हाताऱ्या भाजीवालीला मी हे विचारले. ती मेथीची जुडी झटकत म्हणाली, "पन्नी नाही म्हनलं त गिऱ्हाईक पुढच्या पालावर जाते, माय. अन् पावती फाटली त माह्या नावानं फाटते. पन्नी त त्याच्या हातात रायते ना?"

तिच्या पाटीतला सगळा माल विकला तरी हजार रुपये होतील न होतील. पाच हजारांची पावती म्हणजे तिचे आठवड्याचे बाजार गेले. कायद्याने वापरणाराही तितकाच दोषी आहे, हे मला ठाऊक आहे. पण मोटारसायकलला पन्नी अडकवून निघालेल्या साहेबाला थांबवणे अवघड, आणि जमिनीवर बसलेल्या म्हातारीला गाठणे सोपे. मला या बंदीतले खटकते ते एवढेच. बंदी हवीच, पण तिचा भार देणाऱ्या हातावर जास्त आणि घेणाऱ्या हातावर कमी, असा तराजू धरला गेला आहे.

आयर्लंडने उलटा तराजू धरला. मार्च २००२ पासून तिथे पिशवीवर १५ सेंटचा कर बसला, आणि तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा, दुकानदाराने आपल्या पदरचा भरायचा नाही, असा दंडक घातला. माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत असत, त्या २१ वर आल्या. पंधरा सेंटांनी तिथे कुणी भिकेला लागले नसेल. पण पैसे मोजताना घरी विसरलेल्या पिशवीची आठवण होते, आणि पुढच्या खेपेला ती बरोबर येते.

गंमत अशी, की ही पन्नी ज्यांनी काढली त्या स्टेन थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनियरच्या मनात भलतेच होते. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटतात, तर पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी हलकी पिशवी करावी, म्हणून त्यांनी ती रचली. तिचे पेटंट १९६५ सालचे. ते स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. घडी करून खिशात ठेवण्याची गोष्ट तेवढी जगाने घेतली नाही.

आता शहरातल्या भगिनींसाठी एक घरगुती सूचना. दिवाळीत साडीच्या दुकानातून छान रंगीत, ठिपक्याठिपक्यांची, कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते, आणि आपण समाधानाने म्हणतो, 'चला, कापडी आहे.' तिचा एक धागा ओढून पाहा. निघणारच नाही, कारण उभा-आडवा धागा तिच्यात नसतोच. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच आहे. चिमट्यात धरून कोपरा पणतीवर नेलात तर सुताची राख होते, हिचा वितळून थेंब होतो. (हा प्रयोग मुलांपासून दूर करावा, आणि नव्या साडीपासूनही!) खऱ्या कापडी पिशव्यांचीही हौस नको. कापूस पिकवायला पाणी लागते, खत लागते. एक सुती पिशवी पन्नास ते दीडशे वेळा वापरली, तर कुठे हवामानाच्या हिशेबात ती पन्नीपेक्षा बरी ठरते, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालात आहे. म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेल्या बारा नव्या पिशव्यांपेक्षा मामंजींचा ठिगळाचा झोळणा भारी.

आमच्या धाकट्या जाऊबाई वादात फारशा पडल्या नाहीत. त्यांनी जुनी धोतरे आणि चादरी काढल्या, मशीनवर बसल्या, आणि चार दुपारींत बावीस पिशव्या शिवून त्या म्हाताऱ्या भाजीवालीकडे नेऊन ठेवल्या. अट अशी, की गिऱ्हाइकाने दहा रुपये ठेवून पिशवी न्यावी, आणून दिली की दहा रुपये परत. त्या बाजारी बावीसच्या बावीस गेल्या. पुढच्या बाजारी परत आल्या आठ.

जाऊबाई हिरमुसल्या. भाजीवाली मात्र बोटांवर हिशेब करून म्हणाली, "चौदा लोकायच्या घरी हायेत ना, ताई. उकिरड्यावर त नाहीत! त्याचे एकशेचाळीस रुपये हे घ्या, अन् आनखी शिवा."

मी निघाले तेव्हा मशीन पुन्हा सुरू झाले होते. कपडा कमी पडतो आहे, असा जाऊबाईंचा परवा निरोप आला. आमच्याकडच्या तीन जुन्या चादरी धुऊन, इस्त्री करून ठेवल्या आहेत. दिवाळीला जाणारे कुणी मेहकरकडचे भेटले, की त्यांच्याबरोबर पाठवीन.