आळसाचा भाव

माझ्या अंगात आळस किती आहे याचा अंदाज मला लहानपणापासून होता. पण त्याला बाजारात इतका भाव आहे हे पासष्टी उलटल्यावर, आणि तेही बर्लिनमध्ये कळलं. आधी कळलं असतं तर नोकरीच्या भानगडीत पडलोच नसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. मुलाकडे बर्लिनला गेलो होतो. बॅगा अजून दारातच होत्या, तोच चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा फोन द्या." दहा मिनिटांनी फोन परत आला, तेव्हा त्यातला माझ्या ओळखीचा नकाशा गेला होता आणि ज्याला मी रोज पन्नास प्रश्न विचारायचो तो शोधकही गेला होता. "आपल्या घरात आता फक्त युरोपियन," असं त्यानं जाहीर केलं.

आमच्या घराण्यात स्वदेशीचं वळण आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडांची होळी झाली तेव्हा पणजोबांनी तिच्यात आपला एकुलता एक कोट टाकला, असं घरात सांगतात. (तो बाहीत उसवलेला होता, असं आत्या सांगायच्या.) पण पुण्याच्या पोरानं बर्लिनमध्ये बसून फ्रेंच आणि डच मालाची स्वदेशी चळवळ चालवावी, हे पणजोबांनाही झेपलं नसतं. शिवाय ह्या होळीत जाळायला काही नाही. चित्रावर बोट दाबून धरायचं, ते बिचारं थरथरतं आणि नाहीसं होतं. टाळ्या वाजवायलासुद्धा सवड मिळत नाही.

निमित्त काय, तर त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मेक्सिकोच्या आखाताचं नव्यानं बारसं करून त्याला 'अमेरिकेचं आखात' केलं. गूगलनं लगोलग अमेरिकेतल्या लोकांना नवं नाव दाखवलं, मेक्सिकोतल्या लोकांना जुनं ठेवलं आणि उरलेल्या जगाला दोन्ही दिली, त्यातलं एक कंसात.

"म्हणजे बघणारा कोण, त्यावर समुद्राचं नाव ठरायचं!" चिरंजीव तापले.

"अरे, तुझ्या आईचंही सासरी एक आणि माहेरी एक नाव आहे," मी म्हटलं.

"पण तिला विचारून ठेवलंय ना?"

विचारून कोणी ठेवलं होतं? पण सौ. तिथेच बसली होती, तेव्हा मी विषय बदलला.

तर ह्या नव्या संसारातली मंडळी अशी. स्टार्टपेज हा डच मध्यस्थ. तुमचा प्रश्न तो तुमचं नाव न सांगता मोठ्या दुकानात नेतो आणि उत्तर आणून देतो; पूर्वी शेजारच्या पोराला पाठवून लोक विडीकाडी मागवायचे, त्यातला प्रकार. क्वांट २०१३ सालचा, फ्रेंच. इकोसिया २००९ साली बर्लिनमध्येच जन्मलेला. तो नफ्यातून झाडं लावतो. नकाशांत ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली स्टीव्ह कोस्ट ह्या इंग्रज तरुणानं तो सुरू केला. ब्रिटनचे सरकारी नकाशे जनतेच्या पैशानं काढलेले आणि जनतेलाच पुन्हा विकत घ्यावे लागत, ह्याचा त्याला राग होता. म्हणून त्यानं ठरवलं, आपला नकाशा आपणच काढू. आज जगभरचे हौशी लोक त्यात गल्लीबोळ भरतात आणि तो कोणालाही फुकट वापरता येतो.

पहिले चार दिवस मी ह्या मंडळींची मनसोक्त टिंगल केली. त्यांतल्या एकाला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते विचारलं, तर त्यानं मला ब्राझीलच्या कंदमुळांची शेती दाखवली. नव्या नकाशानं वाण्याच्या दुकानाशी अचूक नेऊन उभं केलं, दुकान बंद. रविवारी बर्लिनमध्ये दुकानं बंद असतात, हे नकाशाला माहीत होतं की नाही कोण जाणे, मला नव्हतं. घरी येऊन मी म्हटलं, "तुझी तत्त्वं तुला लखलाभ. माझा फोन मला पूर्वीसारखा करून दे."

चिरंजीव एवढंच म्हणाले, "बाबा, डिसेंबर विसरलात?"

नव्हतो विसरलो. डिसेंबरात पुण्याला सौ.च्या पोटात दुखत होतं. सोनोग्राफीच्या कागदावर एक लांबलचक शब्द आला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांनी बघू. रात्री ती झोपल्यावर मी घरातल्या एकुलत्या एका टॅबलेटवर तो शब्द विचारला. मग त्यातून निघालेला दुसरा विचारला. मग जो विचारू नये तो तिसराही विचारला. सकाळी ती मटारच्या करंज्यांची कृती बघायला बसली. सारणाच्या शेजारी एक हसऱ्या डॉक्टरांचा फोटो आणि त्या तिसऱ्या शब्दावर खात्रीशीर उपचारांची जाहिरात. पान उलटलं, तिथेही तीच. चहा देताना ती म्हणाली, "मला आधी तुम्ही सांगायचं होतं."

पुढे पित्ताचे खडे निघाले. ते काढले, बाई ठणठणीत झाली, आता मलाच पथ्य सांगते. पण बायकोला काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढा एकच अधिकार छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे उरला होता. तो एका जाहिरातीनं घेतला. हे काम कोणत्या कंपनीचं, मला ठाऊक नाही. माझा प्रश्न रातोरात पाचसहा हातांतून फिरला असणार. कोणाच्या तरी वहीत आमच्या घरातली भीती जमेच्या बाजूला मांडली गेली, एवढं मात्र खरं.

आमचे एक स्नेही यावर हमखास म्हणतात, "आपल्याला काय लपवायचंय हो?" काही नाही. पण लपवण्यासारखं काही नसलं तरी सभ्य माणूस न्हाणीघराला दार लावतोच! दुसरं म्हणतात, "फुकट आहे ना?" आमच्या लहानपणी कोपऱ्यावरचा वाणी मुलांच्या हातावर गुळाचा खडा फुकट ठेवायचा आणि हळूच विचारायचा, "काय रे, घरी पाहुणे आलेत वाटतं?" गूळ फुकट होता, माहिती नव्हती. फरक इतकाच, की त्या वाण्याची वही आळीपुरती होती आणि आई त्याच्याशी भांडू शकायची.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जोरदार : "त्यांचा मालच उत्तम आहे, म्हणून लोक जातात." आता ऐका. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्याच एका न्यायालयानं निकाल दिला, की शोधाच्या धंद्यात गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी त्यानं कायदा मोडला. त्या खटल्यात एक आकडा उजेडात आला. फोन आणि ब्राउझर उघडल्याबरोबर समोर आपणच बसलेलो असावं, म्हणून ह्या कंपनीनं इतर कंपन्यांना एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरच्या वर मोजले. मला सांगा, ज्याचा चिवडा पंचक्रोशीत उत्तम, तो एस.टी. स्टँडच्या दारातली जागा अडवायला इतके पैसे कशाला ओतील? ते पैसे मालाचे नव्हेत, आपल्या आळसाचे आहेत. एकदा समोर ठेवलेलं आपण बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि त्याचा रोख भाव केला. आणि वाईट याचं वाटतं, की आळस माझा, पैसे मात्र भलत्यानंच घेतले.

युरोपियन माल सोवळ्यातला आहे, असं मी म्हणणार नाही. क्वांट आणि इकोसियाचीही बरीच वर्षं पाटी आपली आणि आतला माल बराचसा मायक्रोसॉफ्टचा, अशीच तऱ्हा होती. म्हणूनच २०२४ साली ते दोघे एकत्र आले, स्वतःची सूची बांधायला लागले आणि २०२५ मध्ये फ्रान्समध्ये त्या सूचीतून काही उत्तरं द्यायला सुरुवातही झाली. आता गिऱ्हाईक म्हणतं, दुकान भरू दे मग येतो. दुकान म्हणतं, गिऱ्हाईक येऊ दे मग भरतो. ह्या भांडणात कोणीतरी चार दिवस कंदमुळं बघून घ्यायला हवीत. आणि उद्या हेच लोक मोठे होऊन मातले, तर? तर तिथूनही उठायचं. एकदा उठता येतं हे कळलं की माणसाला बसण्याची भीती राहत नाही.

ह्याच बर्लिनमधला एक किस्सा मुलानं सांगितला. सिमोन वेकर्ट नावाच्या कलावंतानं ९९ जुने फोन एका लाल हातगाडीत भरले, सगळ्यांवर गूगलचा नकाशा चालू ठेवला आणि ती गाडी जवळजवळ मोकळ्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. नकाशाला वाटलं, वाहतूक तुंबली. मोकळा रस्ता नकाशावर लालभडक! त्यातला एक रस्ता तर खुद्द गूगलच्या कचेरीसमोरचा. २०२० साली त्याची चित्रफीत जगभर गाजली. मी पोट धरधरून हसलो आणि मग थांबलो. नकाशाचं शहाणपण ते आमचंच. रोज न विचारता गोळा केलेलं. आपण सगळे त्या हातगाडीतले शंभरावे!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फिरायला निघालो. कोपऱ्यावरच्या लिंडनच्या झाडाखाली एक बाक आहे, तिथे सौ. टेकली. मुलानं फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचं एक ॲप घालून दिलं होतं. ते उघडलं तर त्यात तो बाक होता आणि त्यावर एक प्रश्न आला : ह्या बाकाला टेकायला पाठ आहे का?

मी सौ.ला वाचून दाखवलं. तिनं मागे हात लावून नीट खात्री केली आणि म्हणाली, "आहे म्हणून लिहा. पण एक फळी सैल आहे, तेही लिहा."

सैल फळीसाठी तिथे जागा नव्हती. मी 'आहे' लिहिलं आणि तिला म्हटलं, फळीचं मुलाला विचारून सांगतो.

"काही घाई नाही," ती म्हणाली, "विचारलं तरी कोणीतरी."