पूर ओसरला, धास्ती ओसरली का?

पावसाळ्यात सांगलीकरांची पहिली चौकशी असते ती आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची. ही सावधगिरी झाली. पण साधी सर आली तरी छातीत धडधडणे, स्वप्नात पाणी दिसून दचकून उठणे, नदीकडचा रस्ताच टाळणे, घरच्यांवर उगाच चिडणे हे महिन्याहून अधिक काळ चालले आणि रोजची कामे अडू लागली, तर तो आजार असू शकतो. त्याला आघातोत्तर ताणविकार किंवा पीटीएसडी म्हणतात.

१९६७चा कोयनेचा भूकंप, २००५ची मांढरदेवची चेंगराचेंगरी, ८ ऑगस्ट २०१९ची ब्रह्मनाळची बोट दुर्घटना, जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे कोसळलेल्या दरडी. सातारा-सांगलीला आघात नवे नाहीत. पंचनाम्यात घर, गोठा, पीक यांची नोंद होते. उडालेल्या झोपेची होत नाही. मग माणूस औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणतो आणि वर्षानुवर्षे घेत राहतो.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप लागते, पण हा आजार बरा होत नाही आणि सवय मात्र लागते. ज्यांना ती लागली आहे त्यांनी गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे आघातावर केंद्रित मानसोपचार. साधारण आठ ते बारा बैठकांत, प्रशिक्षित तज्ज्ञाच्या आधाराने, रुग्ण त्या आठवणीला आणि टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. ‘मीच हात सोडला’ अशा अपराधी विचारांची तपासणी होते. ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवली जाते. सर्ट्रालिनसारखी औषधेही उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटले तरी ती काही महिने चालू ठेवावी लागतात.

मात्र आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला उपचार लागत नाहीत. बहुतेक जण आधार, निवारा आणि आपली माणसे मिळाली की सावरतात. ‘सांग, काय काय झालं’ म्हणून कोणाला खोदून विचारू नये. स्वतःहून बोलले तर ऐकून घ्यावे.

म्हणूनच शासनाने आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात एक काम जोडावे: घटनेनंतर महिन्याने आणि पुन्हा पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आशाताईंनी घरोघरी झोप, भीती, चिडचिड आणि दारू यांची विचारपूस करावी. त्रास दिसेल त्याला मानसोपचार विभागात पाठवावे. तालुक्याच्या रुग्णालयातील समुपदेशकांना आघातावरील मानसोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. नाहीतर चिठ्ठीवर गोळीच तेवढी उरेल.

तोपर्यंत वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत, मोफत, चोवीस तास बोलता येते. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर रुग्णाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आघाताला वर्षे लोटली असली तरी उपचाराचा गुण येतो.