एकच पद, दोन चाली

युरोपात जसा ऑपेरा, तसं आपल्याकडे संगीत नाटक. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने त्याचा जम बसवला. पुढे बोलपट आले आणि रात्र रात्र चालणाऱ्या या नाटकांचा प्रेक्षक ओसरला.

तो परत आणण्यात मोठा वाटा गोव्यातल्या मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचा (१९२९–१९९८). पूर्वी ‘वन्स मोअर’ घेत एकच पद बराच वेळ आळवलं जाई आणि कथा थांबून राही. अभिषेकींनी पदं आटोपशीर बांधली, ‘मत्स्यगंधा’त (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’त (१९६७).

‘कट्यार’ ही दोन घराण्यांच्या गवयांची चढाओढ. त्यातलं ‘घेई छंद मकरंद’ हे पद अभिषेकींनी दोन चालींत बांधलं: एक पंडितजींची, दुसरी खाँसाहेबांची. शब्द तेच, पण गाणाऱ्यांचे स्वभाव वेगळे. त्यांच्यातलं अंतर संवादाआधी सुरांतूनच कळतं.

आज जेवणं झाली की प्रसाद सावकार आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेलं हे पद मोबाइलवर पाठोपाठ ऐका. घराणं म्हणजे काय, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.